नांगरानं आखलेलं मैदान

ते पाटील नव्हते. गावच्या पाटीलकीशी त्यांचा काही संबंध नव्हता आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'ग्राउंडमन' असं लिहिलेलं होतं. पण हातात पाण्याचा पाइप धरून ते मैदानाच्या मधोमध असे उभे राहत, की शिफ्ट सुटल्यावर कुंपणाजवळून जाणारा एखादा फिटर हमखास ओरडे, "काय पाटील, पीक कसंय औंदा?"

"गवात ब्येस हाय," ते पाइप न हलवता सांगत. "खेळणारी किडल्यात."

आमच्या कंपनीच्या क्लबची टीम तेव्हा घरच्या मैदानावर चार वर्षं एकही सामना हरली नव्हती. पाटलांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही सामना पाहिला नाही, असं मी म्हणते तेव्हा लोकांना पटत नाही. ते प्रत्येक सामन्याला हजर असत, पण त्यांची नजर चेंडूवर नसे. ती खाली, पायांवर असे. गोल झाला, पायऱ्यांवर लोक नाचायला लागले, की ते विचारत, "काय झालं?" आणि उत्तर यायच्या आत घसरलेल्या खेळाडूनं कुठलं गवत उपटलं, तिकडे बघत.

मैदान आकुर्डी आणि चिंचवडच्या मध्ये, कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होतं. फाटकावर 'स्टेडियम' अशी पत्र्याची पाटी होती. पश्चिमेला सिमेंटच्या सात पायऱ्या, त्यांच्यापुढे साहेबांच्या खुर्च्यांसाठी फरसबंद पट्टा आणि पट्ट्याला कर्दळीची किनार. एवढंच स्टेडियम. उरलेल्या तीन बाजूंना तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे तेव्हा अजून शेतं होती. थंडीत सकाळी नदीकडून धुकं येई. मग गोलपोस्टचे फक्त वरचे आडवे दांडे दिसत, हवेत ठेवून दिल्यासारखे. औषधांच्या कारखान्याकडून आंबूस गोड वास येई, पहिल्या शिफ्टचा भोंगा होई, आणि सगळं परत शांत झालं की धुक्यातून पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत राही. पाटील आत कुठेतरी आहेत, एवढंच त्यावरून कळायचं.

मी चोविसाव्या वर्षी कामगार कल्याण विभागात क्लार्क म्हणून लागले. कँटीन, गणवेश, साबण आणि फुटबॉल अशी चार कामं माझ्या टेबलावर होती. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. साबणातलंही कळत नव्हतं, पण साबण कधी माझ्याशी बोलायला आला नाही.

पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसला लवकर पोचायचं म्हणून मैदानातून आडवी निघाले. धुक्यातून आवाज आला, "बाई, वहाणा काढा."

मी थांबले. "का? देऊळ आहे का इथं?"

"न्हाई. वल हाय."

ओल होती म्हणून वहाणा काढायच्या. मला ते कारण देवळापेक्षा बरं वाटलं, मी वहाणा हातात घेतल्या. पाऊल खाली टेकलं तसं गवत गार आणि इतकं मऊ होतं, की मी मुद्दाम सावकाश गेले. त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला.

ते मैदान पूर्वी पाटलांचंच शेत होतं. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास जमिनी कंपन्यांकडे गेल्या, तेव्हा मोबदल्याबरोबर घरटी एक नोकरी मिळाली. बाकीचे गडी मशीनवर गेले. यांना विचारलं, काय येतं? हे म्हणाले, "हेच रान येतं." त्या जागी कामगारांसाठी मैदान करायचं ठरलं होतंच, म्हणून यांना तिथं ठेवलं. मैदानाच्या जागांना त्यांची स्वतःची नावं होती. दक्षिणेच्या गोलपुढच्या जागेला ते 'खळं' म्हणत, मधल्या वर्तुळाला 'बाजरी', आणि डावीकडच्या अर्ध्या भागाला 'थोरलं वावर'. आमचा गोलकीपर केरळचा, वेल्डिंग खात्यातला. तो गोलपुढे उभा राहून बुटांनी माती उकरायचा. पाटील पाठीमागे जाऊन उभे राहत. "ए बाबा, खळ्यात कोंबडीवानी उकरू नगंस." त्याला मराठी येत नव्हतं, पण कोंबडी हा शब्द त्यानं शिकून घेतला होता, त्यामुळे तो रागवायचा.

पावसानंतर ते खेळू देत नसत. ढेकूळ उचलून मुठीत दाबायचे, मूठ उघडून बघायचे आणि म्हणायचे, "वाफसा न्हाई." म्हणजे माती अजून पाय सोसण्याइतकी सुकली नाही. पेरणीआधी शेतकरी जे बघतो ते हे सामन्याआधी बघत. एकदा नाणेफेक झाल्यावर यांनी वाफसा नाही म्हणून खेळ अडवला. पंच पुण्याचे होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "हा वाफसा कुठल्या नियमात बसतो?" मी म्हटलं, "आमच्याकडे बसतो. अर्ध्या तासानं घ्या." अर्ध्या तासानं घेतला. ऊन आलं होतं, आणि खरंच कुणी घसरलं नाही.

पाटलांची लेक कुरुळीला दिली होती. वर्षातून एकदा ते दोन दिवसांची रजा टाकून तिच्याकडे जात आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी परत येत. "गवताला चुकल्यागत हुतं," एवढंच सांगत.

मैदान आखलं गेलं त्याची गोष्ट जुनी माणसं सांगत. इंजिनिअर साहेबांनी यांना सुतळीचा गुंडा आणि खुंट्या दिल्या, आणि स्वतः जेवायला गेले. परत येऊन बघतात तर यांनी घरून बैल आणून चारी बाजूंनी नांगराचं एकेक तास, म्हणजे लांब चर, मारून टाकलेलं. "आखलं," म्हणाले. साहेब हसले. रेघ झाल्याशी कारण. त्याच तासात पुढे दर सामन्याला चुना पडत गेला आणि कुणीही कधी ते मैदान मोजलं नाही.

त्या मैदानाचा एक राजा होता, आमचा कप्तान. कोल्हापूरचा, लेथवर काम करायचा, उजव्या बगलेनं पळायचा. उत्तर-पूर्वेचा कोपरा त्याचा. तिथून त्यानं कॉर्नर मारला की चेंडू वळत वळत थेट गोलच्या तोंडाशी उतरे, आणि कुणाचं तरी डोकं लागलं की गोल. आमचे निम्मे गोल त्या कोपऱ्यातून यायचे. कप्तान आपल्या उजव्या पायाला थंडीत तेल लावून मोजा घालून झोपायचा, असं त्याची बायको माझ्याजवळ बोलली होती.

मग खडकीकडची एक टीम आली. त्यांच्याबरोबर एक निवृत्त हवालदार होता. माणूस आयुष्यभर कवायत करून पावलं मोजायला शिकलेला. सामन्याआधी सहज फेरी मारताना त्यानं सवयीनं दोन्ही गोलरेषा मोजल्या. दक्षिणेची ब्याण्णव पावलं भरली, उत्तरेची शहाऐंशी. तो पुन्हा चालला. पुन्हा शहाऐंशी. सामना ते हरले, पण आठ दिवसांत फुटबॉल संघटनेचा माणूस टेप घेऊन आला, आणि त्यानंतर माझ्या टेबलावर पत्र आलं. पूर्वेची रेघ उत्तरेकडच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात आत वळलेली आहे. यंदाच्या कपचा उपांत्य सामना तुमच्याकडे आहे, त्याआधी पंधरा दिवसांत मैदान काटकोनात करा. नाहीतर सामना दुसरीकडे जाईल आणि मैदानाची नोंद रद्द होईल.

पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जड होतं. ओतकाम खात्याला माल ठेवायला जागा हवीच होती. मैदानावर त्यांचा डोळा होता आणि 'नोंद आहे' या दोन शब्दांवर आम्ही ते थोपवून धरलं होतं. नोंद गेली असती तर महिन्याभरात त्या गवतावर काँक्रीट पडलं असतं.

मी पत्र घेऊन पाटलांकडे गेले आणि वाचून दाखवलं. काँक्रीटचंही सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

त्यांनी पाइपचं तोंड मुडपून पाणी थांबवलं. मग पाइप खाली ठेवून मला त्या कोपऱ्याकडे घेऊन गेले. रेघेच्या बाहेर, कुंपणाच्या अलीकडे, बोटानं हवेत एक गोल काढला. "हितं इहीर व्हती. माज्या आज्यानं खांदलेली. कंपनीनं राडारोडा टाकून बुजवली. पर ती बसली न्हाई अजून, बाई. म्हून तास आत घेतलं."

"मग आता रेघ सरळ केली तर?"

"इहिरीवरनं जाती. मी न्हाई मारायचा."

"पाटील, नाही मारली तर सगळंच जाईल."

"पोरगं आत गेलं मंजी?"

आमचे साहेब, म्हणजे कल्याण अधिकारी, चांगले गृहस्थ होते, पण त्यांना घाई असायची. त्यांनी पाटलांना ऑफिसात बोलावलं. पाटील दाराबाहेर पाय पुसून आत आले.

"अहो, दहा-अकरा वर्षं झाली विहीर बुजवून. वरून रोलर फिरतोय."

"रोलर मीच फिरिवतो, सायेब. तितनं न्हाई फिरवीत."

"एवढ्या वर्षांत काही झालं का?"

"तितं कुणाला जाऊ दिलंय का मी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाकडून चुना मारून घ्या. विषय संपला."

कप्तानही तिथं होता. तो दाराशी टेकून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. बाहेर आल्यावर त्यानं पाटलांना गाठलं. "म्हंजे ओ, माझा कोपरा गोलच्या सा पावलं जवळ हाय? आणि आमी समजतोय पायात जादू हाय!"

"पाय तुजाच हाय की," पाटील म्हणाले. "जागा माजी."

कप्तान त्या दिवशी सरावाला आला नाही.

मला विहिरीचं खरं-खोटं ठरवायचं होतं. माणूस म्हणतो म्हणून मी घाबरणार नव्हते, आणि साहेब म्हणतात म्हणून रेघही मारणार नव्हते. बागेला पाणी घालणारा कंपनीचा टँकर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो मैदानावर मागवला. पाटलांना सांगितलं, त्या जागेभोवती मातीचा बांध घालून वाफा करा. आणि तसाच, तेवढाच वाफा दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात करा. टँकर अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

त्या दिवशी धुकं असं होतं की टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून, कप्तानाच्या हाकेवर गाडी हाकत होता. आधी दक्षिणेचा वाफा भरला. पाणी चढलं, थांबलं आणि तसंच राहिलं. त्यात पांढरं आभाळ दिसत होतं. मग गाडी उत्तरेला आली. पाइप सोडला. पाणी वाफ्यात पडत होतं, पडत होतं, आणि वाफा भरत नव्हता. पहिल्या शिफ्टची माणसं कुंपणाला येऊन उभी राहिली. साहेबही आले, मफलर गुंडाळून. मधेच कुठून तरी, पायाखालून म्हणावं तर तसं नाही, फार लांबून, एक आवाज आला. माठात पाणी ओतताना माठ भरत आला की येतो तसा, पण मोठा आणि संथ. टँकर संपला. वाफ्यात ओली माती तेवढी होती.

"पाणी गेलं कुठं?" साहेबांनी विचारलं.

"घरी," पाटील म्हणाले.

मी तो क्षण नंतर पुष्कळदा आठवला आहे. पन्नास-साठ माणसं धुक्यात उभी, समोर बघण्यासारखं काहीही नाही, आणि तरी कुणी हलत नव्हतं. मग भोंगा झाला आणि माणसं आत गेली.

रेघ विहिरीवरून जाणार नाही, हे ठरलं. पण मैदान काटकोनात करायचं होतंच. मी कागदावर मैदान काढून बघितलं. अवघड काही नव्हतं. अख्खं मैदान सहा-सात पावलं पश्चिमेला सरकवलं, की पूर्वेची रेघ सरळ होऊनही विहीर बाहेर राहत होती. अडचण एकच होती. पश्चिमेला साहेबांच्या खुर्च्यांचा पट्टा होता, आणि कर्दळ.

"जनरल मॅनेजर बसणार कुठे?" साहेब म्हणाले.

"पायऱ्यांवर. सात आहेत."

"कामगारांबरोबर?"

"सामना एकच आहे ना, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पायऱ्यांपेक्षा टँकर आठवत असावा. त्यांनी सही केली.

फरशा निघाल्या. कर्दळीचे कंद पाटलांनी स्वतः काढून पोत्यात भरले. मी धरून चालले होते की नव्या रेघांना ते कुरकुर करतील, नांगर मागतील. नाही. सुतळीचा गुंडा घेऊन आले आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा ताठ. तुमचं काम सरळ असतंय." दोन सकाळी आम्ही दोघं धुक्यात त्या सुतळीला धरून चाललो. समोरचं टोक त्यांच्या हातात होतं पण ते दिसत नव्हते. सुतळीला हिसका बसला की मी थांबायची, खुंटी ठोकायची, चुना सोडायची. एकदा बराच वेळ हिसका आला नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. सुतळीच्या मागं मागं गेले, तर ते जुन्या तासावर उकिडवे बसून होते, ती चुन्याची वाकडी रेघ हातानं मातीत मिसळत.

"झालं का, पाटील?"

"व्हय व्हय. चला."

उपांत्य सामना त्या मैदानावर झाला, संघटनेच्या माणसानं टेप लावून सही दिल्यानंतर. जनरल मॅनेजर तिसऱ्या पायरीवर बसले, शेजारी रंगखात्यातला एक शिट्टी मारणारा मुलगा होता, आणि दोघांचं बरं जमलं. पहिल्या अर्ध्यात आमची टीम उत्तरेकडे खेळत होती. कप्तानाला सहा कॉर्नर मिळाले. सहाही वेळा त्यानं तसाच पाय फिरवला, चेंडू तसाच वळला, आणि गोलच्या अलीकडे, मोकळ्या जागेत उतरला, जिथं आमचं कुणी नव्हतं. सहा पावलं अलीकडे. पायऱ्यांवरून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी गोल केला. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही घरी हरलो.

टीम पाटलांवर चालून गेली असंच म्हणायला हवं. गोलकीपर सर्वांत पुढे. "तुम्हारा कुआँ!" तो ओरडला. "कप गया!"

"कुणाचं काय ग्येलं?" पाटलांनी मला विचारलं.

"हरलो, पाटील. कप गेला."

त्यांनी टीमकडे नीट पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच त्यांनी त्या पोरांचे पाय सोडून चेहरे पाहिले. "आरं हरलासा तर हरलासा," ते म्हणाले. "दर साल पिकतंय व्हय? रान ऱ्हायलं न्हवं!"

कप्तान बूट काढून खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पाटील, त्यो नवा कोपरा... सकाळी कितीला मोकळा असतोय?"

"वाफसा आसला तर सातला."

कप्तान पुढचं वर्षभर सातला यायचा. तेल लावणं त्यानं सोडलं.

मैदान पश्चिमेला सरकल्यामुळे पूर्वेकडे, नव्या रेघेपासून कुंपणापर्यंत एक लांब पट्टा मोकळा राहिला होता. पुढच्या दिवाळीनंतर मला प्रशासन विभागाकडून टिपण आलं. मैदानावर विनापरवाना लागवड झाल्याचं दिसतं, खुलासा करावा.

मी गेले. विहिरीची जागा सोडून सगळ्या पट्ट्यात हरभरा उभा होता. गुडघ्याखाली, दाट, दंवानं भिजलेला. पाटील कडेला बसून खुरपत होते.

"पाटील, हे काय आहे?"

"हरबरा."

"ते दिसतंय. मैदानात?"

"मैदानात कुटं? बाई, रेघ तुमीच मारली. रेघंच्या आत तुमचं." त्यांनी खुरप्यानं पलीकडे दाखवलं. "भाईर कुणाचं, त्ये कुटं लिवलंय?"

त्यांनी एक डहाळा उपटून माझ्या हातात दिला. मी तो खात खातच ऑफिसला आले, हे मला शोभण्यासारखं नव्हतं. फाईल काढली. मैदानाचा नवा, संघटनेच्या शिक्क्याचा नकाशा होता. चारी रेघा होत्या, गोल होते, मधलं वर्तुळ होतं. रेघांच्या बाहेर कागद पांढरा होता.

मी टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि खुलासा केला: 'सीमारेषेबाहेर हिरवळ राखण्यात आली आहे. सामन्यांस अडथळा नाही.' सही करण्याआधी उठून हात धुऊन आले. बोटांना हरभऱ्याच्या पाल्याची आंबट आंब होती, कागदावर डाग पडला असता.